डाव्या दंडातली वाकी

सोमवारी सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी रेणू देगलूरकर एका डाव्या हातावर जेल पसरत होत्या. हात ओळखीचा होता. तो त्यांच्या वहिनीचा, कुसुम उमरीकरांचा होता. सोनोग्राफीचा प्रोब कोपराच्या आतल्या बाजूला टेकवला की पडद्यावर लाल-निळा रंग उसळायला हवा आणि यंत्रातून वाऱ्यासारखा घूंघूं आवाज यायला हवा. पडद्यावर करडी नळी दिसत होती. आवाज येत नव्हता.

रेणूताईंनी प्रोब थोडा वर सरकवला, थोडा तिरका केला, दाब कमी केला. शीर दाबून पाहिली. मोकळी शीर प्रोबखाली चपटी होते. ही झाली नाही.

"बंद आहे का गं?" कुसुमताईंनी विचारलं.

"बघू दे, वहिनी."

"बघतेयस कधीची. मला रात्रीच कळलं. रोज उशाशी हात घेतला की गिरणीसारखा आवाज येतो. काल झोप अशी छान लागली म्हणून सांगू, तेव्हाच म्हटलं, काहीतरी बिघडलं."

हैदराबादच्या हिमायतनगरमध्ये, कोपऱ्यावरच्या एका खासगी रुग्णालयात, दुसऱ्या मजल्यावर, रक्तवाहिन्या तपासण्याची खोली आहे. रेणूताई तिथल्या मुख्य तंत्रज्ञ. वय एकोणपन्नास. जन्म नल्लकुंट्यातला, वडील शाळामास्तर, मोठा भाऊ नरहर सरकारी कोषागारातून निवृत्त. बी.एस्सी. झाल्यावर त्या नारायणगुड्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्ताच्या काचा बघायच्या. पुढे चेन्नईला जाऊन सोनोग्राफीने रक्तवाहिन्या वाचायला शिकल्या. मधुमेह्यांचे काळे पडू लागलेले पाय, फुगलेल्या शिरा, मानेतल्या अरुंद झालेल्या धमन्या हे त्यांचं रोजचं काम. पण त्यांचं नाव आहे ते डायलिसिसच्या रुग्णांमध्ये.

डायलिसिसला रक्त वेगाने बाहेर काढून वेगाने परत सोडावं लागतं. साधी शीर तेवढा वेग देत नाही. म्हणून हातातली धमनी आणि शीर एकमेकींना जोडतात. धमनीचा जोर शिरेत शिरतो, शीर दोन-तीन महिन्यांत जाड होते आणि मग तिच्यात सुया टोचता येतात. या जोडाला फिस्टुला म्हणतात. तो चालू असला की हाताला मांजराच्या घुरघुरीसारखी थरथर लागते. तो बंद पडला तर गळ्यातल्या शिरेत नळी घालावी लागते. तिथून जंतू शिरण्याचं भय कायमचं.

त्यामुळे फिस्टुला झालेल्या प्रत्येक रुग्णाला हात सांभाळण्याची शिकवण द्यावी लागते, आणि इथे ती रेणूताई देत. मराठीत, तेलुगूत आणि चारमिनारकडून येणाऱ्यांसाठी दखनीत. "खालाजान, ये हात अब नवाब है. इससे काम नक्को लेना. इसपे बीपी नक्को, सुई नक्को, घडी नक्को, चूडियाँ नक्को, तंग जेवर नक्को. इसपे सोना बी नक्को." बायका हसत. हसल्या की लक्षात ठेवत. त्या शिकवणीत "घट्ट दागिना" हे शब्द रेणूताईंचे स्वतःचे होते. छापील पत्रकात फक्त घड्याळ आणि बांगड्या होत्या.

रुग्णालयाने मागच्या वर्षी नवं उपकरण आणलं. त्यात हात कापावा लागत नाही. मनगटाजवळून दोन बारीक कॅथेटर आत सरकवतात, एक धमनीत, एक शिरेत. दोघांच्या टोकांना चुंबक असतात. कोपराच्या खाली ते एकमेकांना ओढून घेतात, दोन्ही भिंती चिकटतात, आणि विजेच्या एका क्षणिक झटक्याने त्यांच्यामध्ये भोक पडतं. कॅथेटर बाहेर, वर पट्टी, संध्याकाळी घरी. टाका नाही, व्रण नाही, फुगीर गाठ नाही.

रक्तवाहिन्यांचे शल्यविशारद डॉ. गौतम यांनी हे तंत्र सुरू केलं तेव्हा धमनी आणि शीर किती जवळ आहेत हे आधी मोजून देण्याचं काम रेणूताईंकडे आलं. त्या मापात त्या चुकत नसत. आणि जेव्हा कुसुमताईंची मूत्रपिंडं रक्तदाबाच्या जुन्या दुखण्याने थकली, तेव्हा वहिनीला या तंत्रासाठी तयार करण्याचं कामही त्यांनीच केलं.

तेव्हा घरात त्यांच्या मुलाच्या, सुमितच्या लग्नाची बोलणी चालू होती. मुलगी अमृता, हैदराबादेतच वाढलेली, सॉफ्टवेअरमधली, आई-वडील बरकतपुऱ्यात. नरहररावांनी ठरवलं होतं की कुसुमताईंचं डायलिसिस लग्न होईपर्यंत व्याह्यांना सांगायचं नाही. "खानदानी आजार आहे म्हणतील. एकदा अक्षता पडू देत, मग सांगू." कुसुमताईंना हे पटलं नव्हतं, पण सुमितचं ठरत आलेलं मोडायची भीती त्यांनाही होती. रेणूताई त्या दिवशी भावाच्या घरी चहा पीत होत्या. त्या म्हणाल्या होत्या, "वहिनी, नव्या पद्धतीने करून घ्या. हाताला डागसुद्धा राहत नाही. बाही कोपरापर्यंत घेतलीत तर सुया टोचल्याचं कुणाला दिसणार नाही."

वैद्यकीयदृष्ट्या सल्ला बरोबर होता. कारण दुसरं सांगितलं होतं.

लग्न रविवारी झालं. उमरीकरांच्या घरात एक रीत आहे. सोन्याची एक वाकी, मळसूत्राने दंडावर आवळायची, नवऱ्यामुलाची आई लग्नाच्या सकाळी डाव्या दंडात घालते. दिवसभर ती काढायची नाही. संध्याकाळी सून माप ओलांडून आत आली की सासूने ती स्वतःच्या दंडातून काढून, गार होऊ न देता, सुनेच्या दंडात घालायची. नरहररावांच्या आजीपासून असंच चालत आलं आहे, असं घरातले सांगतात.

कार्यालयाच्या खोलीत इंदुताई बसल्या होत्या. नरहर आणि रेणू यांच्या काकू, वय एक्क्याऐंशी, घरातल्या सगळ्या लग्नांचा कारभार त्यांच्याकडे. वाकी त्यांनीच डबीतून काढली. मुलीची आई पद्मावती हळदीकुंकवाचं ताट घेऊन शेजारी उभी होती. तिच्या मागे मुलीकडच्या चारपाच बायका.

कुसुमताईंनी उजवा हात पुढे केला.

"हा काय?" इंदुताई म्हणाल्या. "उजव्या दंडात ताईत बांधतात गं. वाकी नाही."

"डावा जरा दुखतोय, काकू."

"लग्नघरात सगळंच दुखतं. माझे गुडघे काय नाचतायत? आण तो हात इकडे."

बायका हसल्या. कुसुमताईंनी रेणूकडे पाहिलं.

रेणूताईंना नंतर ते पाहणं नीट आठवत होतं. वहिनी विचारत नव्हत्या, वाटही बघत नव्हत्या; फक्त कोण काय बोलतं हे पाहत होत्या. "डॉक्टरांनी त्या हातावर काही घालायला मना केलंय," एवढं एक वाक्य पुरलं असतं. पण त्याच्यामागे "का?" आलं असतं, आणि ते पद्मावतीने विचारलं असतं.

"द्या, मी घालते," रेणूताई म्हणाल्या.

त्यांचा हिशेब असा होता की दुसऱ्या कुणी आवळण्यापेक्षा आपण सैल घालू. त्यांनी मळसूत्र अर्धवट फिरवलं. वाकी कोपरापर्यंत घसरली.

"अगं, ती काय पाटली आहे? आवळ," इंदुताई म्हणाल्या. "स्टेजवर गळून पडली तर अपशकुन. इतक्या मोठ्या दवाखान्यात काम करतेस, एक मळसूत्र फिरवता येत नाही?"

रेणूताईंनी वाकी वर सरकवली आणि मळसूत्र फिरवलं. मग आणखी फिरवलं. ती बसली तिथेच, कातडीखाली, सुया टोचायची शीर होती. ते त्यांना दिसत नव्हतं, पण त्यांना नकाशा बघायची गरज नव्हती.

"अक्षता पडल्या की काढू," त्या वहिनीच्या कानात म्हणाल्या.

अक्षता दुपारी बाराच्या सुमाराला पडल्या. तेव्हा फोटो चालू होते. जेवणाच्या पंगतीत रेणूताईंना पुन्हा आठवलं. कुसुमताई पलीकडच्या टेबलावर विहीणबाईंच्या शेजारी बसल्या होत्या आणि पद्मावती वाकीची नक्षी बोटाने दाखवून काहीतरी कौतुक करत होती. रेणूताई उठल्या, दोन पावलं गेल्या, आणि जिलबीचं ताट घेऊन येणाऱ्या वाढप्याला वाट देण्यासाठी थांबल्या. वाढपी गेला. त्या परत येऊन बसल्या. आपल्या हातात प्रोब असता तर आपण गेलो असतो, असं त्या दुसऱ्या दिवशी म्हणाल्या. मग म्हणाल्या, "नाही, तेही खरं नाही."

वाकी संध्याकाळी साडेसातला निघाली.

डायलिसिस शनिवारी झालं होतं. शरीरातलं पाणी काढलेलं, दिवसभर पाण्याचे मोजके घोट, त्यामुळे रक्तदाब खाली. त्यात दंडावर आवळपट्टी. रक्त तुंबलं की साकळतं. यात न समजण्यासारखं काही नाही.

सोमवारी साडेसातला डॉ. गौतम खोलीत आले. पडद्याकडे पाहून त्यांनी तोंडातल्या तोंडात तेलुगूत काहीतरी म्हटलं. मग ते कुसुमताईंशी हिंदीत बोलले.

"हाथ पे सोए थे क्या, अम्मा?"

"नाही."

"बीपी किसीने लिया? कुछ उठाया?"

"नाही."

त्यांनी शीर स्वतः तपासली. वरच्या बाजूला अरुंद भाग असेल आणि त्यामुळे ती तुंबली असेल, अशी त्यांना शंका होती. तसं असेल तर आत जाळीदार स्टेंट बसवावा लागणार होता. मग त्यांनी बाही आणखी वर केली. दंडावर दोन समांतर रेघा उमटलेल्या होत्या, मधे मळसूत्राच्या बोंडाचा गोल ठसा.

"ये क्या है?"

कुसुमताई म्हणाल्या, "जेवर था. शादी में पहना."

"मॅडमने आपको बताया नहीं था?"

"बताया था. मैंने ही नहीं सुना."

रेणूताई प्रोब पुसत होत्या. तो स्वच्छ झाल्यावरही त्या पुसत राहिल्या.

डॉ. गौतम रागावले की आवाज चढवत नाहीत, उलट सावकाश बोलतात. ते रेणूताईंकडे वळले. आज गुठळी ओढून काढू, म्हणाले. स्टेंट नको. पण हा हात पुन्हा बंद पडला तर उजव्या हातावर हे तंत्र आपण करणार नाही. इतकं सांगूनही जी बाई दिवसभर दंड आवळून फिरते, तिच्यासाठी हे नाही. मग गळ्यात कायमची नळी. "केस में लिख दो, मॅडम. पेशंट ने इन्स्ट्रक्शन्स नहीं माने. और कल के नये पेशंट्स को ये एक्झाम्पल देना. नाम मत लेना."

"जी," रेणूताई म्हणाल्या.

डॉक्टर गेले. कुसुमताईंनी पदराने हातावरचं जेल पुसलं.

"वहिनी, असं का सांगितलंत?"

"काय सांगायचं होतं? माझ्या नणंदेने आवळली? तुझी नोकरी आहे इथे." त्या खाली उतरून चपला शोधायला लागल्या. "आणि हात मीच पुढे केला होता ना. कोणी ओढून घेतला नव्हता."

"मी लिहिणार आहे खरं ते."

"लिही. मग विचारतील, का घातली. मग सांग त्यांना, व्याह्यांना फसवायचं होतं म्हणून. सगळ्या दवाखान्याला सांग. पत्रिका वाटल्यासारखं वाट."

रेणूताईंनी संगणकावरच्या केसमध्ये ती ओळ लिहिली नाही. खोडूनही काही लिहिलं नाही. जागा रिकामी ठेवली.

पोटॅशियमचा रिपोर्ट लॅबमधून नऊला आला. आकडा वरच्या काठावर होता, आणखी चढला तर हृदयाला धोका. मंगळवारचं डायलिसिस चुकवता येणार नव्हतं. म्हणजे मंगळवार सकाळपर्यंत एकतर हात चालायला हवा होता, नाहीतर गळा.

साडेअकराला कुसुमताईंना आत नेलं. बाहेरच्या बाकावर नरहरराव बसले होते, आणि त्यांच्या शेजारी अमृता. सुमित पाहुण्यांना काचिगुडा स्टेशनवर सोडायला गेला होता, म्हणून गाडी तिनेच चालवत आणली होती. हातांवर मेंदी, अंगात जीन्स आणि कुर्ता, गळ्यात कालचं मंगळसूत्र. नरहररावांनी तिला सांगितलं होतं की आईंना जरा चक्कर आली. मग लिफ्टमधून उतरताना डायलिसिस विभागातल्या नर्सने "कुसुम अम्मा, आज तो सोमवार है, आज कैसे?" असं मोठ्याने विचारलं होतं.

रेणूताई बाहेर आल्या.

"आत्या," अमृता म्हणाली, "किती दिवस चालू आहे आईंचं डायलिसिस?"

नरहररावांनी चष्मा काढला. "सांगणार होतो बेटा. उद्याच सांगणार होतो."

"मी आत्यांना विचारतेय."

"आठ महिने," रेणूताई म्हणाल्या. "डाव्या हातातून होतं. ती शीर काल बंद पडली."

"आणि ती वाकी मला घालायची म्हणून त्यांनी दिवसभर घातली? त्याने झालं हे?"

रेणूताईंनी हो म्हटलं.

"रात्रीच काढून ठेवली मी ती. टाइट होती फार, हात बधिर झाला." मग अमृता म्हणाली, "माझ्या बाबांना दोन स्टेंट आहेत. मागच्या डिसेंबरात बसवले. आम्ही पण नाही सांगितलं. आई म्हणाली, खानदानी आजार आहे म्हणतील."

नरहररावांनी तिच्याकडे पाहिलं. ते हसण्याच्या बेतात होते, पण हसले नाहीत. "कमाल आहे," ते म्हणाले. "म्हणून व्याही जिना चढत नव्हते. मला वाटलं, माणूस ऐटखोर आहे."

"म्हणजे लपवायचं कारण पण उरलं नाही ना, आत्या," अमृता म्हणाली. "फुकटच गेलं सगळं."

तिने ते टोचून म्हटलं नव्हतं. रेणूताई आत गेल्या.

आत काम अर्ध्यावर आलं होतं. कोपराजवळून एक नळी शिरेत गेली होती. तिच्या मागे लावलेला पंप थांबून थांबून ओढत होता, आणि काचेच्या भांड्यात काळपट तुकडे येऊन पडत होते. पूर्वी यासाठी हात उघडावा लागायचा. आता शीर फक्त भूल दिलेल्या टोचणीएवढी उघडली होती आणि कुसुमताई जाग्या होत्या. डॉ. गौतमनी फुगा फुगवून शीर ताणली, मग थांबायला सांगितलं. रेणूताईंनी निर्जंतुक पिशवीत घातलेला प्रोब टेकवला. पडद्यावर एक बारीक लाल धागा दिसला. तो रुंद झाला, पण भरला नाही. आवाज आला, तोही धाप लागल्यासारखा.

"तीनसौ अस्सी," रेणूताईंनी मिनिटाचा प्रवाह मिलिलीटरमध्ये वाचला. डायलिसिसला पाचशे तरी हवेत. रात्रभर रक्त पातळ ठेवणारं औषध चालू ठेवायचं, रक्तदाब पडू द्यायचा नाही; सकाळी वाढला तर वाढला.

"चालू झाला का गं?" कुसुमताईंनी पडद्याआडून विचारलं.

"झालाय, वहिनी. थोडा."

"आवाज येतोय. आज परत झोप नाही."

डॉ. गौतम हात धूत होते तेव्हा रेणूताई त्यांच्यामागे बेसिनपाशी जाऊन उभ्या राहिल्या. बोलायला हीच जागा होती असं नाही. पण आणखी थांबलं तर ती ओळ दुसरं कुणी लिहील, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी सांगितलं की वाकी त्यांनी घातली. मळसूत्र त्यांनी आवळलं. काढायला जायला दोनदा वेळ होता आणि त्या गेल्या नाहीत. व्याह्यांपासून आजार लपवायचा होता. वहिनींनी उजवा हात पुढे केला होता.

डॉक्टरांनी नळ बंद केला नाही. पाणी वाहत राहिलं.

"आपने?" ते म्हणाले. मग, "आपही ने तो वो लाइन बनायी थी, मॅडम. तंग जेवर."

"जी."

रेणूताईंना वाटलं होतं, ते रागावतील, आणि त्याची त्यांनी तयारी केली होती. डॉ. गौतमनी टॉवेलने एकेक बोट पुसलं आणि म्हणाले की केसमध्ये खरं ते लिहा, सही तुमची. उजव्या हाताचं मी बोललो ते रद्द. वेळ आली तर तो हात बघू. पण या पेशंटला आता तुम्ही हात लावायचा नाही. स्कॅन सुप्रिया करेल. आणि नव्या पेशंटना हाताची शिकवणही सध्या तिलाच देऊ दे.

सुप्रिया त्यांच्या हाताखालची तंत्रज्ञ, अठ्ठावीस वर्षांची, रेणूताईंनीच शिकवलेली. तिला निरोप दुपारी मिळाला. ती खोलीत आली आणि दाराशीच थांबली.

"मॅम, सर म्हणाले, मी द्यायची टॉक. मला ते 'हात नवाब है' वगैरे नाही जमणार. मी प्लेन इंग्लिश-तेलुगूत देऊ?"

"दे," रेणूताई म्हणाल्या. "दागिन्याचं विसरू नकोस. वाकी, बाजूबंद, नावं घेऊन सांग. कोण घालतंय तेही सांग. पेशंट स्वतः घालत नाही पुष्कळदा. घरचे घालतात."

सुप्रियाने मान हलवली. तिला कळलं होतं की नव्हतं, ते तिने दिसू दिलं नाही. तिने नजर मात्र खाली ठेवली, आणि रेणूताईंना त्याचंच जास्त लागलं.

चारनंतर त्यांनी केसमध्ये सहा ओळी लिहिल्या. आपलं नाव, नातं आणि वेळ. वरच्या मजल्यावर वहिनीला बघायला त्या गेल्या तेव्हा खाटेशी अमृता बसली होती आणि कुसुमताईंचा डावा हात उशीवर उघडा ठेवला होता. तळहात वर. अमृता त्यावर दोन बोटं टेकवून होती.

"असंच ना आत्या?" तिने विचारलं. "थरथर लागते ती हीच?"

रेणूताईंचा हात पुढे गेला आणि मधेच थांबला. त्या दुसऱ्या बाजूच्या स्टुलावर बसल्या.

"दाबू नकोस," त्या म्हणाल्या. "नुसतं टेकव."

"लागतेय," अमृता म्हणाली. "बारीक आहे."

"बस की गं जवळ," कुसुमताई नणंदेला म्हणाल्या. "लांब काय बसलीस, पाहुणीसारखी."

"इथून बरं आहे, वहिनी."

मंगळवारी सकाळी सव्वासहाला सुप्रिया कुसुम उमरीकरांच्या डाव्या हाताचं स्कॅन करेल. प्रवाह पाचशेच्या वर असेल तर साडेसहाला सुया हातात टोचल्या जातील. नसेल तर गळ्यात नळी घालतील. रेणू देगलूरकरांना उद्या आठ ते चार, तळमजल्यावर पायांच्या तपासणीला लावलं आहे.